बाळाला उचलून घेतल्याने सवय लागत नाही: पहिल्या वर्षात बाळाला जवळ कसं घ्यायचं, शांत कसं करायचं

बाळ घरी आलं की आठवड्याभरात कुणीतरी म्हणतंच, सारखं सारखं उचलू नका, हाताची सवय लागेल, मग खाली राहायचंच नाही. सांगणारी माणसं मायेनेच सांगतात, त्यांच्या वेळी त्यांनाही कुणीतरी हेच सांगितलेलं असतं, त्यामुळे त्यांच्यावर रागवायचं कारण नाही. पण ज्यांनी हे ऐकलंय आणि आता रात्री दोन वाजता रडणाऱ्या बाळाजवळ उभं राहून उचलू का नको, उचलू का नको करतायत त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. उत्तर आधीच सांगून टाकते. उचला. पहिले पाच-सहा महिने तर अजिबात विचार करू नका, सरळ उचला. मी रडलो की आई येते, तर चला आता मुद्दाम रडू, असा हिशोब करण्याइतका त्या एवढ्याशा जिवाचा मेंदू तयारच झालेला नसतो. ते रडतं कारण त्याला काहीतरी होतंय आणि सांगायला दुसरं काही साधन नाही, बस.

आधी थोडं का ते

तान्ह्या बाळाला स्वतःला शांत करता येत नाही. आपल्याला भीती वाटली की आपण मोठा श्वास घेतो, पाणी पितो, कुणालातरी फोन लावतो, मनाशी म्हणतो की होईल सगळं नीट. बाळाकडे यातलं काहीच नसतं. घाबरणं, बेचैन होणं हे जन्मापासून येतं पण स्वतःला समजावणारा मेंदूचा भाग तयार व्हायला वर्षानुवर्षं जातात. तोपर्यंत ते काम दुसऱ्या कुणीतरी आपल्या अंगाने करायचं असतं, म्हणजे आपल्या छातीची ऊब, आपला श्वास, आपला आवाज याच्या जोरावर बाळाच्या हृदयाची धडधड कमी होते, अंग सैल पडतं, रडणं थांबतं. असं शेकडो वेळा झालं की हळूहळू पायवाट पडावी तसं शांत होणं त्याच्या अंगात मुरतं. म्हणजे ज्या बाळाला वेळोवेळी कुणीतरी शांत केलंय त्यालाच पुढे स्वतःहून शांत होणं जमायला लागतं. आपल्याला मात्र वाटत असतं की एकटं रडू दिलं तर शिकेल.

आता हे आपल्याला सरळ वाटतं पण शंभर वर्षांपूर्वी शिकलीसवरलेली माणसं अगदी उलट सांगायची. जॉन वॉटसन म्हणून अमेरिकेतले मोठे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९२८ मध्ये आईवडलांना सांगितलं की मुलांना मिठीत घेऊ नका, मांडीवर बसवू नका, सकाळी उठल्यावर हात मिळवा तेवढं पुरे. त्या काळात असाही समज होता की बाळ आईला चिकटतं ते दुधासाठी. मग हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिल्लांवर प्रयोग केले, त्यावर १९५८ मध्ये त्यांनी जाहीरपणे मांडणी केली. पिंजऱ्यात दोन खोट्या आया, एक तारेची जिच्याकडे दुधाची बाटली, आणि एक मऊ कापडाची जिच्याकडे काहीच नाही. पिल्लं दूध प्यायला तारेच्या आईकडे जायची आणि पोट भरलं की परत कापडाच्या आईला जाऊन बिलगायची, दिवसाचा बहुतेक वेळ तिथेच. ते प्रयोग क्रूर होते, त्या पिल्लांचे फोटो मला आजही बघवत नाहीत, पण दूध आणि माया या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि मायेची गरज दुधाने भागत नाही हे त्यातून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आलं.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जॉन बोल्बी यांनी सांगितलं की जवळच्या माणसाला धरून राहणं ही बाळाची मुळातलीच गरज आहे, भूक असते ना तशी. आणि मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेत बाल्टिमोरला घरोघरी जाऊन तासन्‌तास बसून नुसतं बघितलं, बाळ रडलं की आई काय करते, किती वेळाने करते. सिल्व्हिया बेल आणि एन्सवर्थ यांनी १९७२ मध्ये २६ बाळांबद्दल लिहिलं, त्यात असं दिसलं की सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला लगेच ओ मिळाली ती बाळं वर्षाच्या शेवटी कमी रडत होती, आणि रडण्याऐवजी आवाज काढून, हात पुढे करून सांगत होती. यावर पुढे वादही झाले, बारीकसारीक कुरकुर केली की दर वेळी धावायलाच हवं असं नाही हेही नंतरच्या काही संशोधकांना दिसलं, आणि मला ते पटतं. झोपेत बाळ चुळबुळतं, ऊं ऊं करतं, तेव्हा अर्धा मिनिट थांबून बघा, बरेचदा परत झोपतं. पण खरं रडणं सुरू झालं की थांबायचं नाही.

उचलायचं कसं आणि खाली ठेवायचं कसं

उचलण्याआधी बोला. हात लावायच्या आधी आवाज पोचू दे, आले गं, आले हं, असं काहीतरी, रोज तेच शब्द आणि तोच सूर. काही आठवड्यांत तुम्हाला दिसेल की नुसता आवाज ऐकून बाळ क्षणभर थांबतं, कारण आता त्याला माहीत झालेलं असतं की या आवाजाच्या मागोमाग हात येतात. मग एक हात मान आणि डोक्याखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि सरळ वर खेचण्याऐवजी आपणच वाकून छाती त्याच्याजवळ न्यायची. लहान बाळाला अचानक खाली पडल्यासारखं वाटलं की दोन्ही हात फाकतात आणि ते दचकतं, ही त्याची जन्मजात प्रतिक्रिया आहे, तीन-चार महिन्यांनंतर कमी होत जाते, तोवर उचलताना ठेवताना त्याचे हात छातीशी गोळा करून धरले तर दचकणं बरंच कमी होतं.

मग बघायचं काय हवंय. भूक असेल तर रडण्याच्या आधीच खुणा दिसतात, तोंड इकडेतिकडे वळवणं, मूठ तोंडात घालणं, जीभ बाहेर काढणं. त्या खुणांवर पाजलं तर दोघांनाही सोपं जातं कारण रडून लाल झालेलं बाळ नीट पीत पण नाही. लंगोट ओला आहे का, फार गरम होतंय का (मानेमागे हात लावून बघा, तळहात-तळपाय गार असतातच त्यावरून काही कळत नाही), बोटाला किंवा पायाला कुठे दोरा-केस गुंडाळला गेलाय का, ढेकर अडकलीय का, झोप आलीय का. हे सगळं बघून झालं आणि काहीच नाही सापडलं तर मग त्याला तुम्ही हवे आहात. ही पण गरजच आहे, नाटक नव्हे.

आता ठेवायचं कसं, कारण खरी लढाई तिथे असते. हातात गाढ झोपलेलं, आणि अंथरुणाला टेकवलं की टक्क उघडे डोळे. जपानमधल्या संशोधकांनी यावर २०२२ मध्ये एक छान काम केलं, बाळांच्या हृदयाचे ठोके मोजत मोजत बघितलं. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं सलग चालायचं, मधे थांबायचं नाही, वळणं-झटके नकोत. बाळ झोपलं की लगेच ठेवायचं नाही, त्याला तसंच धरून पाच ते आठ मिनिटं बसायचं आणि मग ठेवायचं. त्यांना असंही दिसलं की बाळाचे ठोके वाढतात ते पाठ गादीला लागल्यावर नव्हे, आपलं अंग त्याच्या अंगापासून सुटायला लागतं त्या क्षणी. त्यामुळे मी काय करायचे, वाकून आपली छाती त्याच्यासोबतच खाली न्यायची, आधी ढुंगण टेकवायचं, मग पाठ, मग शेवटी डोकं, आणि एक हात त्याच्या छातीवर तसाच ठेवून मिनिटभर थांबायचं आणि मग एकेक बोट काढत हात उचलायचा. पाठ मोडून येते हे खरंय. पण परत पाऊण तास फिरण्यापेक्षा ते एक मिनिट परवडतं.

झोपवताना पाठीवरच, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी नको, मऊ खेळणी नकोत, सैल पांघरुण नको, आणि पहिले काही महिने तरी तुमच्याच खोलीत पण त्याच्या स्वतःच्या जागेवर. गुंडाळून झोपवत असाल तर कुशीवर वळायची चिन्हं दिसली की गुंडाळणं बंद. आणि सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला छातीवर घेऊन डोळा लागू देऊ नका, हे मी फार कळकळीने सांगतेय, थकलेल्या माणसाची झोप कधी लागते कळत नाही आणि तिथे बाळाचं नाक दबायचा धोका सगळ्यात जास्त असतो. झोप येतेय वाटलं की बाळ दुसऱ्याकडे द्या किंवा त्याच्या जागेवर ठेवा.

संध्याकाळचं रडणं

दोन-तीन आठवड्यांचं झालं की बऱ्याच बाळांचं रडणं वाढायला लागतं, साधारण सहाव्या आठवड्याला ते कळसाला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. हे आपल्याला कुणी आधी सांगत नाही आणि मग आपण स्वतःलाच दोष देत बसतो, माझं दूध कमी पडतंय, मी काहीतरी चुकीचं खाल्लं, मला जमतच नाहीये. निरोगी बाळ, सगळं ठीक, आणि तरी संध्याकाळ झाली की दोन-दोन तास रडणं, हे या वयात होतं.

माझी लेक पाच आठवड्यांची होती तेव्हाची एक संध्याकाळ मला अजून लख्ख आठवते. तिला खांद्यावर घेतलं, नाही जमलं म्हणून आडवी घेतली, मग खुळखुळा वाजवला, मग गाणं लावलं, मग दिवा मोठा केला की बघेल तरी, मग उभ्या उभ्या उड्या मारल्यासारखं हलवलं, दर अर्ध्या मिनिटाला नवीन काहीतरी, आणि ती अजूनच ताठ होत चाललेली, पाय पोटाशी, चेहरा लाल, हनुवटी थरथरतेय. माझी मावशी आली होती, तिने काही न बोलता तिला घेतलं आणि दिवा बंद केला. खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, लेकीची छाती आपल्या छातीला पूर्ण टेकवलेली, एक हात ढुंगणाखाली एक पाठीवर सपाट, आणि घशातून एकच खालचा सूर, हंऽऽऽ, हंऽऽऽ, एका पायावरून दुसऱ्या पायावर हळू झुलत. बस एवढंच. पहिली तीन-चार मिनिटं तर काही फरक पडला नाही, ती तशीच रडत होती, आणि मावशीने काहीही बदललं नाही. मग मी बघितलं की तिच्या मुठी उघडतायत, आधी करंगळी, मग बाजूचं बोट, मग अख्खा तळवा मावशीच्या पाठीवर पसरला. मग तो तीन तुकड्यांत आत जाणारा हुंदक्याचा श्वास आला आणि मान खांद्यावर पडली.

मी त्या दिवशी जे शिकले ते हे की एक गोष्ट धरायची आणि पाच ते आठ मिनिटं सोडायची नाही. रडणाऱ्या बाळाला बाहेरचं सगळं आधीच जास्त झालेलं असतं, त्यात आपण दर अर्ध्या मिनिटाला नवीन आवाज, नवीन हेलकावा टाकला तर ते अजून बिथरतं. उजेड कमी करा, आवाज कमी करा, माणसं कमी करा. खालचा संथ सूर, अंगाई असेल तर एकच आणि तीच तीच. पाठीवर हात फिरवायचा तर सावकाश, वरून खाली यायला चार-पाच सेकंद लागतील असा, आपल्या कातडीत संथ स्पर्शाला ओळखणाऱ्या खास नसा असतात आणि त्यांना घाईचा हात कळत नाही. आणि आधी स्वतःचे खांदे खाली सोडा, एक लांब श्वास सोडा, कारण तुम्ही आवळलेल्या असलात तर बाळाला ते तुमच्या छातीतून कळतं.

आणि तरीही कधीकधी काहीच चालत नाही. तेव्हाही त्याला जवळ धरून राहणं फुकट जात नाही, रडणं थांबवता आलं नाही तरी रडताना ते एकटं नव्हतं. पण तुमच्याच डोक्यात तिडीक जायला लागली, हात घट्ट व्हायला लागले, तर बाळाला त्याच्या अंथरुणात पाठीवर ठेवा, दार लोटा, आणि पाच-दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. तोंडावर पाणी मारा, कुणालातरी फोन करा. सुरक्षित जागी दहा मिनिटं रडल्याने बाळाला काही होत नाही. रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होतो, कायमचं अपंगत्व येतं, जीव जातो. हे घरातल्या प्रत्येकाला, बाळ सांभाळणाऱ्या प्रत्येकाला स्पष्ट सांगून ठेवा, संकोच करू नका.

डॉक्टरकडे कधी जायचं ते पण सांगते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाईट म्हणजे ३८ सेल्सियस किंवा त्याहून जास्त ताप, दूध पीत नसेल, अंग लुळं पडलं असेल, हिरवी उलटी, श्वास लागणं, किंवा रडणं नेहमीपेक्षा वेगळंच, चिरका आवाज, काही केल्या थांबत नाही. अशा वेळी घरगुती उपाय करत बसायचं नाही, लगेच जायचं.

रडत नसतानाही घ्या

ही गोष्ट बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. आपण बाळ रडलं की घेतो आणि शांत झालं की ठेवतो. कॅनडात हन्झिकर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९८६ मध्ये एक प्रयोग छापला, त्यात काही आईबाबांना सांगितलं की बाळ रडो न रडो, दिवसातून किमान तीन तास तरी कडेवर घ्या. सहाव्या आठवड्याला, म्हणजे जेव्हा रडणं सगळ्यात जास्त असतं तेव्हा, या बाळांचं रडणं-कुरकुरणं बाकीच्यांपेक्षा ४३ टक्के कमी होतं. ज्या बाळांना पोटदुखीमुळे आधीच खूप रडण्याचा त्रास असतो त्यांना इतका फरक पडेलच असं नाही, पण करून बघायला काय जातंय. घरातली कामं करताना कापडाच्या झोळीत किंवा बेबी कॅरियरमध्ये छातीला बांधून घ्या, फक्त चेहरा कायम दिसला पाहिजे, नाक मोकळं, हनुवटी छातीला टेकलेली नको, आणि मान खाली केली की त्याच्या डोक्याचा पापा घेता येईल इतकं वर.

नुसत्या लंगोटावर उघड्या छातीवर घेणं तर त्याहून भारी. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये एडगर रे सानाब्रिया या डॉक्टरांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीवर कातडीला कातडी लावून बांधून ठेवायला सुरुवात केली कारण इनक्युबेटर पुरत नव्हते, आणि आज तेच कांगारू पद्धत म्हणून जगभर वापरतात. वेळेवर जन्मलेल्या बाळालाही ते तितकंच आवडतं. बाळाला उभं, बेडकासारखे पाय दुमडून, डोकं एका बाजूला वळवून छातीवर ठेवायचं, पाठीवर पांघरुण, आणि शक्यतो तासभर तरी हलायचं नाही. बाबांनी पण करा, छाती कुणाची आहे याने ऊब कमी होत नाही.

बघणं, बोलणं आणि मधेच मान फिरवणं

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचं सगळ्यात नीट दिसतं, म्हणजे पाजताना आपला चेहरा जितका लांब असतो तेवढंच. आईचा आवाज तर जन्मल्या जन्मल्या ओळखीचा असतो, १९८० मध्ये डीकॅस्पर आणि फिफर यांनी दाखवलं की तीन दिवसांच्या आतली बाळंसुद्धा आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात. सहा ते आठ आठवड्यांत तुमच्याकडे बघून खरंखुरं हसू येतं आणि मग गप्पा सुरू. त्याने आवाज काढला की थांबा, ऐका, मग तसाच आवाज काढा, परत थांबा. त्याला उत्तर द्यायला आपल्यापेक्षा खूप वेळ लागतो, आपण घाईत पुढचं बोलून टाकतो आणि त्याची पाळी जाते.

मधेच बाळ मान वळवतं, जांभई देतं, उचकी लागते, नजर भिंतीकडे. म्हणजे त्याचं पोट भरलंय, जरा थांबा म्हणतंय. तेव्हा समोर जाऊन टाळ्या वाजवून परत आपल्याकडे वळवायचं नाही, गप्प राहायचं, ते आपणहून परत येतं. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात एक प्रयोग केला, आई बाळाशी खेळते आणि मग दोनेक मिनिटं चेहरा एकदम कोरा करून नुसती बघत राहते. बाळ आधी हसून बघतं, हात हलवतं, आवाज काढतं, आणि काहीच येत नाही म्हटल्यावर मान फिरवतं, रडवेलं होतं. हे वाचल्यावर मला पाजताना हातात धरलेला मोबाईल आठवला, आणि तेव्हापासून दिवसातली दोन पाजणी तरी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून करायची असं मी ठरवलं. सगळ्या वेळा जमलं नाही, जमायची गरजही नाही, कारण त्याच ट्रॉनिक यांच्या कामातून दिसलं की छान जमलेल्या आई-बाळाच्या जोड्याही निम्म्याहून जास्त वेळ जुळलेल्या नसतातच. सुटतं, मग परत जुळतं. कोऱ्या चेहऱ्यानंतर आई परत हसली, जवळ घेतलं, की बाळही हळूहळू परत येतं. तुम्ही आज ओरडलात, दुर्लक्ष झालं, तर जाऊन घ्या, सांगा की आले मी, त्याला शब्द नाही कळणार पण तुम्ही परत आलात हे कळतं.

एक मनातलं. काही जणींना बाळाला बघून लगेच भरून येतं, काहींना काही आठवडे काहीच वाटत नाही, आणि त्या कुणाला सांगत नाहीत. प्रेम आधी वाटलं पाहिजे मग जवळ घ्यायचं असं नसतं, घेता घेता, आंघोळ घालता घालता ते येतं. पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस सतत रडू येतंय, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, झोप मिळाली तरी झोप लागत नाही, स्वतःला किंवा बाळाला काही करून टाकू असे विचार येतायत तर ते बाळंतपणानंतरचं डिप्रेशन असू शकतं, त्याला औषध आहे, उपचार आहेत. असे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा आणि डॉक्टरकडे जा.

सगळं आईवरच नको

बाळ फक्त आईलाच धरतं हे खरं नाही. शाफर आणि इमर्सन यांनी ग्लासगोमधल्या ६० बाळांचा अभ्यास १९६४ मध्ये छापला, त्यात दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेक मुलांची एकाहून जास्त माणसांशी घट्ट जवळीक झालेली होती, बाबा, आजी-आजोबा, मोठी भावंडं. आणि सगळ्यात जवळचं माणूस कोण, तर जास्त वेळ जवळ बसणारं किंवा भरवणारं असंच नव्हे, बाळाच्या हाकेला ओ देणारं, त्याच्याशी खेळणारं. म्हणून बाबांना किंवा आजीला एखादं काम पूर्णपणे द्या, आंघोळ म्हणा, रात्रीचं झोपवणं म्हणा, आणि मधे जाऊन असं नको तसं धर करू नका. त्यांची स्वतःची पद्धत बसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, बाळ त्यांच्याकडे थोडं रडेल, पण रडताना कुणाच्या तरी कुशीत आहे ना मग ठीक आहे.

मूल दत्तक घेतलेलं असेल, किंवा जन्मानंतर बरेच दिवस काचेच्या पेटीत राहिलं असेल तरी काही हुकलेलं नसतं. जवळीक पहिल्या तासात होऊन संपत नाही, ती महिनोन्‌महिने होत राहते.

सात-आठ महिन्यांनंतर

इतके दिवस कुणाकडेही जाणारं बाळ अचानक अनोळखी माणूस बघून तुमच्या मानेत तोंड खुपसतं, तुम्ही खोलीबाहेर गेलात की टाहो. लोक म्हणतात बघा, लाडावलंय. उलट ही प्रगती आहे, त्याला आता कळायला लागलंय की आपलं माणूस कोण, आणि दिसलं नाही तरी ते कुठेतरी असतं. फक्त परत कधी येणार ते कळत नाही म्हणून रडणं. बुवा कुक खेळा, रोज खेळा, पदराआड, दाराआड, आधी एक सेकंद मग चार सेकंद. गेलं ते परत येतं हे त्याला खेळात शिकायला मिळतं. कुणी घ्यायला हात पुढे केले तर आधी तुम्हीच कडेवर ठेवून त्या माणसाशी दोन मिनिटं हसून बोला, बाळ तुमच्या चेहऱ्याकडे बघून ठरवत असतं की हे माणूस बरं आहे का.

रांगतं बाळ चार हात लांब जातं, मागे वळून तुमच्याकडे बघतं, तुम्ही हसलात की अजून पुढे, लागलं-घाबरलं की परत मांडीशी. या वेळी तुमचं काम फक्त एका जागी दिसेल असं बसायचं.

झोपेबद्दल विचारतात म्हणून, सहा महिन्यांनंतर हळूहळू झोपेची शिस्त लावायची, म्हणजे बाळाला आपलं आपण झोपायला शिकवायचं, तर शिकवा. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये छापलेल्या एका पाहणीत अशी बाळं सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्यात आणि बाकीच्यांत जवळिकीच्या बाबतीत फरक दिसला नाही. मला स्वतःला ते जमलं नाही, मी शेजारी हात ठेवून बसायचे, पण ज्यांनी केलं त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. आणि एखाद्या जुन्या मऊ कापडाला, बाहुलीला बाळ धरून बसत असेल तर हिसकावू नका, धुवायचं तरी निम्मं निम्मं धुवा, वास जाऊ देऊ नका. मात्र वर्षाच्या आत झोपताना ते सोबत नको, जागं असताना द्या.

कामावर परत जायची वेळ आली की मात्र चोरून निघू नका. बाळ खेळात गुंतलंय तोवर सटकू, हे एकदा-दोनदा चालतं, मग बाळ तुम्हाला क्षणभरही नजरेआड होऊ देत नाही कारण तुम्ही कधीही गायब होता हे त्याला कळलेलं असतं. सांभाळणारी व्यक्ती आधी आठवडाभर तुमच्या समोर बाळासोबत राहू दे. जाताना घ्या, एकच ठरलेलं वाक्य बोला, पापा, आणि निघा, दारातून चार वेळा परत येऊ नका. ते रडेल. रडण्यावरून काही ठरत नाही, एन्सवर्थ यांनी साधारण वर्षभराच्या बाळांना आईपासून काही मिनिटं दूर ठेवून बघितलं तेव्हा त्यांचं खरं लक्ष आई परत आल्यावर काय होतं याकडे होतं. बाळ जवळ येतं का, घेतल्यावर शांत होतं का, परत खेळायला जातं का. आणि जी बाळं अजिबात रडली नाहीत, आई आल्यावर तोंड फिरवून खेळत राहिली, त्यांच्याही हृदयाचे ठोके वाढलेले असतात हे नंतर मोजून दिसलं. म्हणून न रडणारं बाळ दिसलं तरी त्यालाही घ्या.

संध्याकाळी तुम्ही घ्यायला जाता, सांभाळणारी सांगते दिवसभर छान राहिलं, जेवलं, झोपलं, आणि तुम्हाला बघताच बाळ भोकाड पसरतं. मन चरकतं, वाटतं आपल्यावर चिडलंय. ते दिवसभर धरून ठेवलेलं तुमच्यापाशी सोडतंय, बाकी कुणापाशी सोडता येत नाही म्हणून. पर्स खाली ठेवा, फोन आत टाका, तिथेच जमिनीवर बसा आणि मांडीवर घ्या. दिवसभराचं नंतर विचारा. त्याचं डोकं तुमच्या छातीवर जड होईपर्यंत थांबा, बहुतेक वेळा दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि मग ते स्वतःच मान वर करून तुमच्या कानातल्याला हात घालतं.